खाऱ्या वाऱ्यातलं चाकांवरचं घर

मालवणात कुणाच्याही स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडून बघा. पावसाळ्याचं सोडाच, जानेवारीतल्या पहाटेसुद्धा वरचा थर बोटाला ओलसर लागतो. म्हणून तर मिठात तांदळाचे चार दाणे टाकायची पद्धत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळू लागतं. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक रात्री ही पातळी ओलांडली जाते.

मोटरहोम घेऊन किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही बरणी कायम डोळ्यांसमोर ठेवावी. गाडीच्या पत्र्यावर, चाकांच्या कमानीत, चॅसीच्या पोकळीत बसतं ते हेच मीठ. दुपारच्या उन्हात ते कोरडं असतं तोवर फारसं काही करत नाही. रात्री ते ओलं होतं आणि लोखंड खायला लागतं. गाडी जागची हललेली नसते, तरी सकाळी ती थोडी कमी झालेली असते. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल राहत. गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदा तारकर्लीहून परतलो, तेव्हा त्यांनी बंपरवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, “आधी गोडा पाणी घाल तिका. मीठ काय झोपणा नाय.” मोटरहोम सांभाळण्याविषयी पुढे बरंच वाचलं, पण त्यांच्या या वाक्याइतकं उपयोगाचं काही मिळालं नाही.

किनाऱ्यावरचे मच्छीमार हे रोज करतात. समुद्रावरून आले की आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून काही मिनिटं चालवतात, म्हणजे आतल्या नळ्यांतलं मीठ निघून जातं. मोटरहोमसाठीही हाच धडा आहे. वरून शॅम्पूने चमकवलेली गाडी म्हणजे धुतलेली गाडी नव्हे. पाणी खालून मारायला हवं. चाकांच्या कमानी, मडगार्डच्या आतली दुमड, डिझेल टाकीचे पट्टे, हँडब्रेकची केबल, पाट्यांच्या मधल्या फटी, रेडिएटरची जाळी या जागा नीट धुवाव्यात. जाळीवर पाणी हलक्या हाताने सोडावं, दाबाने मारलं तर तिच्या पाकळ्या वाकतात. दरवाजांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करावीत. गंज थांबवण्यासाठी खाली कोटिंग मारून घेताना कारागीर बरेचदा हीच भोकं बुजवून टाकतो. मग आत गेलेलं पाणी आतच राहतं आणि दरवाजा आतून कुजतो. डांबरी कोटिंग आधीच्या गंजावर मारलं तर गंज त्याच्याखाली निवांत पसरतो. आधी घासून काढा, प्रायमर द्या, मगच कोटिंग. चॅसीच्या पोकळ भागात तेलकट, पातळ, सरपटत जाणारं रक्षक द्रव्य फवारणं अधिक चांगलं. ते दरवर्षी परत मारावं लागतं, तेवढं मनात धरूनच चाला.

धुवायला पाणी कुठलं घेता, हेही महत्त्वाचं आहे. देवबागसारख्या ठिकाणी एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. एप्रिल-मे आला की किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढून मीठच लावणं. घोटभर चाखून बघा. साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी गाडीला लावू नका, कुडाळ-कसालच्या बाजूला आत गेल्यावर धुवा.

गाडी उभी कुठे करायची, यावर निम्मं मीठ ठरतं. लाटा फुटतात तिथून उडणारे खारे तुषार पहिल्या काहीशे मीटरमध्येच सर्वांत जास्त खाली बसतात. सुरूच्या बनामागे किंवा घरांच्या ओळीमागे गाडी लावली, तर समुद्राचा आवाज येतो आणि मीठ बरंच कमी येतं. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज उपयोगी पडतात. दुपारपासून समुद्राकडून खारा वारा सुटतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहू लागतो, तेव्हा पूर्वेकडच्या खिडक्या उघडाव्यात. गाडी लावतानाच हा विचार केला तर रात्री एसीची आठवणही येत नाही. तसाही बॅटरीवर एसी चालवण्याचा हिशोब जमत नाही. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी सव्वा युनिटच्या आसपास वीज देते, आणि छोटा एसीही ती तास-दोन तासांत संपवतो. छतावरचा १२ व्होल्टचा पंखा तेवढ्याच विजेवर रात्रभर चालतो आणि वर वीज उरते.

पुळणीवर मात्र गाडी उतरवू नका. मऊ वाळूत तीन-चार टनांची गाडी रुतली आणि भरती आली, तर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. वायंगणी, तोंडवळी, तळाशील या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिल्लाला वर येता येत नाही.

आता गाडी घेण्याकडे वळतो, कारण पुढची निम्मी दुखणी तिथेच सुरू होतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन आणि ती उभी करायची कॅराव्हॅन पार्क, दोन्हींचा विचार त्यात आहे. पण धोरण आलं म्हणून कुठलीही जुनी मिनीबस गॅरेजात नेऊन तिच्यात पलंग आणि शेगडी बसवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेला धक्का लागेल असा बदल परस्पर करायला मनाई आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. जुनी गाडी घेताना पलंगाच्या गादीआधी नोंदणी पुस्तक बघा. त्यात गाडीचा प्रकार कॅम्पर व्हॅन असा, खाजगी वापरासाठी नोंदलेला हवा. पुस्तकात अजून तेरा आसनांची प्रवासी गाडी असेल आणि आत स्वयंपाकघर असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल ते आधीच ओळखा. एमएच-०७ ची गाडी असेल तर ओरोसच्या परिवहन कार्यालयात एक खेप घालून खात्री करून घ्या. विक्रेत्याचा शब्द तिथे चालत नाही.

कागद झाले की वजन. घर चाकांवर चढलं की माणूस त्यात घरासारखंच सामान भरत जातो. गाडी पूर्ण भरून, पाण्याची टाकी काठोकाठ करून, माणसांसकट वजनकाट्यावर न्या. पुढच्या चाकांचं वेगळं, मागच्या चाकांचं वेगळं वजन घ्या आणि नोंदणी पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची, आणि त्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. तेवढंच काम करणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी दहा-बारा किलोंची. ती महाग असते, पण घाटात उतरताना ते चाळीस किलो कुठे गेले ते ब्रेकना कळतं. पाण्याची टाकी दोन्ही आसांच्या मध्ये हवी. मागच्या टोकाला टाकी, वर सायकली आणि त्यावर पेटी अशी रचना केली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

घाटाचं बोललो म्हणून इथेच सांगतो. सिंधुदुर्गातून देशावर जायला आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा, कुठूनही गेलात तरी उतार आहेच. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा नियम मोटरहोमला तंतोतंत लागू पडतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. ब्रेक ऑइल मुळातच हवेतली ओल शोषून घेणारं असतं. ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. कोकणच्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणं टाळू नये, मग गाडी वर्षात दोन हजार किलोमीटर फिरलेली का असेना. टायरचंही तसंच. मोटरहोमचे टायर झिजून जाण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर आपलं कुटुंब घाटात नेऊ नका.

गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून काचेजवळ चिकटवून ठेवा. वाडीतले रस्ते अरुंद असतात, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, वर विजेच्या सैल तारा आणि खाली झुकलेल्या आंब्याच्या फांद्या. छतावरचा सोलर पॅनेल फांदीने खरवडल्याचा आवाज एकदा ऐकला की उंची पाठ होते, पण तोवर थांबू नका.

आता गळतीविषयी. हा आमच्या घरचा अनुभव आहे, म्हणून सविस्तर सांगतो. गाडीचं दुसरं वर्ष होतं. मे महिन्यात मागच्या दाराशी अंथरलेली रबरी चटई उचलली. खालचं प्लायवुड वरून ठीक दिसत होतं. अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला, शिजलेल्या सुरणात जावा तसा. सगळं उकलल्यावर कारण सापडलं ते दीड मीटर वर, छताच्या कोपऱ्यात. गाडी बांधणाऱ्याने ॲल्युमिनियमची पट्टी साध्या लोखंडी स्क्रूंनी बसवली होती आणि वरून सिलिकॉन फिरवलं होतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजत गेलं, स्क्रूभोवतीचं भोक मोठं झालं, स्क्रू सैल पडला. पाणी त्या भोकातून शिरून भिंतीच्या आतून उतरत दारापाशी साचत होतं. पाणी दिसतं तिथे गळती नसते, ती बहुतेकदा वर आणि लांब असते.

म्हणून बाहेरचे स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत, शक्यतो ३१६ दर्जाचे. ३०४ वर समुद्राकाठी चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उठतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचीही गाठ थेट पडू देऊ नये. मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंटचा थर हवा. छताच्या जोडांवर सिलिकॉन वापरू नका. ते सुटायला लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, आणि खरवडून काढताना जीव नकोसा होतो. पॉलियुरेथेन सीलंट आणि चौकटींखाली ब्युटाइलची पट्टी, हा जोड टिकतो. आतलं लाकूडकाम बॉयलिंग वॉटरप्रूफ मरीन प्लायचं, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतलेलं असावं. कापलेल्या कडांना रंग किंवा इपॉक्सी लावायला विसरू नका, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही कडेनेच आत शिरतात.

गळतीची तपासणी मिरगाआधी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. एक जण आत बॅटरी घेऊन, दुसरा बाहेर पाण्याची नळी धरून. पाणी खालून वर चढवत न्यायचं. चाकांच्या वर पाच मिनिटं, मग खिडक्यांखाली पाच मिनिटं, मग खिडक्या, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर तो वाऱ्यामुळे आडवा येतो. घाटावर कधीच न गळलेली खिडकी मालवणात गळते.

पाणी फक्त बाहेरून येतं असंही नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यात भाताची वाफ आणि झोपलेल्या चार माणसांचा श्वास मिळवा. ही ओल थंड पत्र्यावर, गादीखाली, कपाटाच्या मागच्या भिंतीवर बसते आणि आठवड्यात बुरशी धरते. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवा, कपाटांच्या पाठीला बोटभर फट ठेवा, स्वयंपाक करताना छताची झडप उघडी ठेवा.

गॅसबद्दल मी कडक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळाला मोकळं भोक हवं. ते भोक वाळूने किंवा चटईने बुजलेलं नाही ना, हे दर मुक्कामाला बघा. पाच किलोंचा छोटा सिलिंडर पुरतो. सिलिंडरच्या कड्यावर एक अक्षर आणि वर्ष असतं. बी-२७ म्हणजे एप्रिल ते जून २०२७ मध्ये त्याची चाचणी व्हायची आहे. मुदत उलटलेला सिलिंडर दुकानातच परत करा. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. सिलिंडरचा बुडखा खाऱ्या हवेत आधी गंजतो, म्हणून तो लाकडाच्या फळीवर ठेवा. गाडी चालू करण्याआधी नॉब बंद. आणि गॅस गिझर गाडीत बसवू नका. बंद न्हाणीघरात गिझरच्या धुराने जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मोटरहोमची न्हाणी तर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी असते.

होमस्टेच्या खळ्यात गाडी लावून वीज घेताना त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते टेस्टरने तपासा, आणि आपल्या गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बाकी विजेच्या कामात एकच सांगतो. बहुतेक बिघाड बॅटरीचे नसतात, चॅसीला जिथे अर्थची वायर जोडलेली असते तिथल्या गंजाचे असतात. ती जागा वर्षातून दोनदा उघडा, घासा, पेट्रोलियम जेली लावा, परत घट्ट करा.

संडासाचा प्रश्न लोक बोलायला टाळतात, म्हणून तोच जास्त बिघडतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या याच पाण्यात माणसं प्रवाळ बघायला डोकं खाली घालून पोहतात. खाडीत किंवा वहाळात टाकी रिकामी करणारा माणूस त्याच पाण्यात मासळी पकडणाऱ्यांच्या अंगणात घाण टाकत असतो. कॅसेट असेल तर यजमानाला विचारून, त्याच्या शौचकूपातच रिकामी करा. फॉर्मल्डिहाइडची रसायनं मात्र त्यात ओतू नका. सेप्टिक टँकमधले जीवाणू त्याने मरतात आणि पाहुणा गेल्यावर यजमानाची टाकी तुंबते. आम्ही कोरडा संडास वापरतो, आणि त्यात टाकायला काथ्याचा भुसा. तो इथे गोणीने मिळतो, ओल शोषतो आणि वास धरून ठेवतो. भांडी धुतल्याचं पाणी माडाच्या आळ्यात चालतं, पण आधी विचारून.

मोटरहोम कधी फिरवायची, हे कोकणात नव्याने ठरवायची गरज नाही. दशावतारी मंडळी कितीतरी पिढ्या याच वेळापत्रकावर जगत आली आहेत. तुळशीची लग्नं झाली की पेटारा उचलायचा, गावोगावच्या जत्रा करत रात्री जागवायच्या आणि पावसाआधी घर गाठायचं. पेटारा पूर्वी डोक्यावरून जायचा, आता टेम्पोतून किंवा बसमधून जातो, पण हंगाम तोच आहे. मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या वर ओढून, धुऊन, डागडुजी करून, झापांनी शाकारून ठेवतात. गाडीनेही पावसाचे महिने बसावं.

बसवण्याची रीत अशी. आत-बाहेर गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा. ओली गाडी झाकली तर बुरशी हमखास. पाण्याच्या टाक्या, पंप, नळ सगळं रिकामं करा. बेसिनच्या वळणात मात्र थोडं पाणी राहू द्या आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि वास वर येत नाही. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली ओल टाकीच्या भिंतीवर पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून चिरे लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डाळीचा एक दाणा आत राहू देऊ नका. उंदीर दाण्यासाठी येतो आणि वायरी कुरतडून जातो. उंदरामागून साप येतो.

गाडीवर घट्ट ताडपत्री बांधणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. आतली ओल अडकते आणि वाऱ्याने फडफडणारी कड रंग घासून काढते. मांगराला लागून पत्र्याची किंवा झापांची उघडी पडवी काढा, चारही बाजूंनी वारा फिरू द्या. माडाखाली मात्र नको. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावर माड आणि आंबे घरांवर कोसळले. वादळ नसलं तरी उंचावरून पडलेला एक सुका नारळ छताची झडप फोडायला पुरतो. दर पंधरा दिवसांनी पाऊस उघडला की दारं उघडा, बॅटरी तेवढ्यापुरती जोडून इंजिन वीस मिनिटं चालवा, गाडी हातभर पुढे-मागे करा.

दसऱ्याच्या सुमारास गाडी उठवायची. आधी वाकून खालून बघा, मग बॅटरी जोडा. डिझेल फिल्टरच्या तळाची चावी सैल करून साचलेलं पाणी सोडून द्या. पिण्याच्या टाकीत दर शंभर लिटरला शंभर मिलिलिटर, सुमारे पाच टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच घाला, प्रत्येक नळ सोडून वास येईपर्यंत पाणी काढा, चार तास ठेवा, ओतून द्या, दोनदा विसळा. मग मालवणहून कुडाळपर्यंत एक रिकामी फेरी मारा. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या. तीन कोमट आणि एक चटका देणारं लागलं, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटला आहे. पलंगावर चादर घालायची घाई करू नका, आधी ते चाक उघडा.